तळखड्यावर उभे लाकूड

साताऱ्याहून कासच्या पठाराकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पाचगणी-महाबळेश्वरच्या उतारांवर, आणि खाली सखल मुलखात सांगलीच्या विश्रामबागेपासून मिरजेच्या दिशेने पसरत गेलेल्या नव्या वस्त्यांतही, घर बांधावयास निघालेली मंडळी अलीकडे वास्तुविशारदापुढे एक मागणी आवर्जून ठेवतात : बैठकीच्या खोलीला लागून, बागेच्या किंवा दरीच्या अंगाला, जमिनीपासून दोन-चार फूट उंचीवर, घरातल्या माणसांना संध्याकाळी निवांत बसता येईल असा एक लाकडी मंच असावा, हल्लीच्या बोलण्यात तोच डेक. ही मागणी रास्त आहे, आणि तिच्यात नुसती हौस आहे असे मानण्याचे कारण नाही. उताराच्या जागेवर भराव टाकून आणि पुढे दगडी भिंत घालून सपाटी करण्यास जो खर्च येतो त्याच्या मानाने खांबांवर मंच उभा करणे पुष्कळ सोयीचे पडते. पावसाचे पाणी त्याच्या खालून आपल्या जुन्या वाटेने निघून जाते, झाडांची मुळे भरावाखाली गुदमरत नाहीत, आणि फरशी घातलेले अंगण वैशाखात जसे रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते तसे लाकूड राहत नाही.

परंतु हौसेने उभारलेले यांतील अनेक मंच तीन-चार पावसाळ्यांत निकामी होतात. फळ्या पन्हळासारख्या वाकतात, खिळ्यांची डोकी वर येतात, आणि एके दिवशी खांबाच्या बुडाशी सहज बोट टेकले असता ते लाकडात शिरते. मग मालक म्हणतो की, आपल्याकडच्या पावसात लाकूड टिकावयाचेच नाही, लोखंडी सांगाडा घालून वर प्लॅस्टिकच्या फळ्या ठोकाव्यात. हा निर्णय मला मान्य नाही, कारण सातारा-सांगलीच्या याच दोन जिल्ह्यांत, याच पावसात, लाकूड शंभर-दोनशे वर्षे टिकल्याचा पुरावा डोळ्यांसमोर उभा आहे.

जमिनीपासून उंच लाकडी बैठक करण्याच्या दोन परंपरा या भागात पूर्वापार आहेत. एक शेतातली. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या शिवारात शाळूचे कणीस भरू लागले की राखणीसाठी चार मेढी जमिनीत रोवून, आडव्या दांड्या सुंभाने आवळून, वर काटक्या नि कडबा पसरून माळा बांधावयाचा, आणि त्यावर उभे राहून गोफण फिरवावयाची. हा माळा एका सुगीपुरता असतो; मेढीचे बूड ओल्या मातीत कुजले तरी बिघडत नाही, कारण तोवर कणसे खळ्यावर गेलेली असतात. दुसरी परंपरा वाड्याची. वाईपासून जवळच मेणवलीस कृष्णेच्या काठी नाना फडणीसांचा वाडा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उभा आहे; आणि तेवढ्या नामवंत वास्तूपर्यंत जाण्याचेही कारण नाही, वाई, कऱ्हाड, मिरज यांपैकी कोणत्याही गावातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या सोप्यात शिरून खांबाच्या पायाशी खाली बसावे आणि नीट पाहावे. खांब मातीत गाडलेला नसतो. प्रथम दगडी जोते, जोत्यावर घडीव काळ्या दगडाचा चौकोनी तळखडा, तळखड्याच्या माथ्याला मध्यभागी कोरलेली लहानशी खाच, आणि खांबाच्या बुडाला काढलेले कुसू त्या खाचेत बेतोबेत बसविलेले. पागोळीचे पाणी उडाले तर ते दगडावर उडते. वाळवीला चढावयाचे झाले तर तिला दगडाच्या उघड्या अंगावरून मातीची नळी बांधीत यावे लागते, आणि ती नळी झाडलोट करणाऱ्या बाईच्या नजरेस त्याच दिवशी पडते. खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर तक्तपोशी, हा पुढचा सारा संसार त्या वीतभर दगडाच्या भरवशावर चाललेला असतो.

आजचा डेक करणारे लोक बहुधा माळ्याच्या रीतीने खांब रोवतात आणि वाड्याच्या आयुष्याची अपेक्षा ठेवतात. सगळा घोटाळा येथे आहे.

लाकूड कुजते ते वयामुळे नव्हे. ते कुजविणारी बुरशी ही एक सजीव वस्तू असून तिला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातील आर्द्रता त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिली तर बुरशी वाढू शकत नाही. आणि सतत पाण्यात बुडालेले लाकूडही, हवा न मिळाल्यामुळे, फारसे कुजत नाही. सर्वांत वाईट अवस्था या दोहोंमधली, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागाशी असलेली, जेथे माती ओल पुरविते आणि वारा हवा पुरवितो. मातीत रोवलेला खांब नेमका तेथेच, जमिनीलगतच्या चार-सहा इंचांत तुटतो. म्हणून मंचाची आखणी करताना वरच्या फळ्यांचा रंग कोणता असावा हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा, आणि भिजलेले लाकूड किती लवकर सुकेल हा प्रश्न सर्वांत आधी घ्यावा.

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही जिल्ह्यांत सर्वत्र सारखे नाही. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकास माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. घाटमाथ्यावर पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधण्याची जुनी वहिवाट आहे. तेथे उघड्या आकाशाखालचा मंच जून ते सप्टेंबर अखंड ओला राहणार हे गृहीत धरून, शक्य असेल तर त्यावर पत्र्याचे किंवा कौलाचे छप्पर घ्यावे आणि ते मंचाच्या कडेपलीकडे दोन-अडीच फूट पुढे काढावे. सांगलीच्या पूर्वेस मात्र पाण्यापेक्षा ऊन अधिक घातक. तेथे फळ्या चिरतात, पिळतात, आणि छपराची गरज माणसासाठी जितकी तितकीच लाकडासाठीही असते.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा मध्यम मापाच्या मंचाचा हिशेब करून पाहावा. सज्ज्यासारख्या जागेवर दर चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो भार येईल असे धरून आखणी करण्याचा अभियांत्रिकी शिरस्ता आहे. मंचाचे क्षेत्र सव्वाअकरा चौरस मीटरच्या आत-बाहेर, तेव्हा माणसे, खुर्च्या, कुंड्या आणि मंचाचे स्वतःचे वजन मिळून पावणेचार टनांची तजवीज ठेवली पाहिजे. हा आकडा ऐकून दचकावयास नको. हळदीकुंकवाच्या दिवशी बायकामुले एका कोपऱ्यात गोळा झाली म्हणजे त्याची यथार्थता कळते. हा भार लांबीच्या दिशेने घातलेल्या दोन तुळयांवर आणि प्रत्येक तुळईखाली तीन अशा सहा खांबांवर वाटला तर मधल्या खांबावर सुमारे एक टन येतो. तुळया अगदी कडेला न ठेवता दोन्ही बाजूंनी फूटभर आत घ्याव्यात, म्हणजे कड्यांचा झोक आठ फुटांवर येतो. सव्वा-सव्वा फुटावर ठेवलेली दोन इंच रुंद आणि सहा इंच खोल सागवानी कडी तेवढे अंतर न लचकता पेलते, आणि तुळईला चार बाय सहा इंचांचे माप पुरते. कडी आडवी न निजविता उभी ठेवावी हे सुताराला सांगावे लागत नाही, पण हौशी माणसाला सांगावे लागते. मंच चार फुटांहून उंच जाणार असेल, किंवा उतार तीव्र असेल, तर हा हिशेब घरच्या कागदावर न ठेवता अभियंत्याकडून तपासून घ्यावा.

खांबाखालची जमीन कोणती हे खणल्याशिवाय कळत नाही. साताऱ्याच्या उतारांवर पुष्कळ ठिकाणी हात-दीड हातावर घट्ट मुरूम लागतो आणि काम सुखाचे होते. कृष्णाकाठची काळी माती मात्र पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया ठेवला तर सहा खांबांपैकी दोन वर उचलले जातात, एक खचतो, आणि पाणसळीने लावलेला मंच वर्षभरात वाकडा होतो. अशा जमिनीत भेगा जेथवर उतरतात त्याच्याही खाली, मुरूम लागेपर्यंत खड्डा न्यावा, आणि मुरूम फारच खोल असेल तर रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खोल पाये घालावेत. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर किमान सहा इंच काढावा, त्याला चोहीकडे किंचित उतार द्यावा, आणि त्यावर लोखंडी पावली किंवा घडीव दगड बसवून खांब उभा करावा. जुना तळखडा आणि नवी पावली यांचे काम एकच आहे. केवळ एका बाबतीत मी नव्या पद्धतीस झुकते माप देईन, आणि ते कारण पुढे येईलच.

लाकूड कोणते घ्यावे? देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत निरनिराळ्या जातींच्या लाकडी खुंट्या अर्ध्या जमिनीत पुरून त्या किती महिने टिकतात हे पाहण्याची जुनी रीत आहे. दहा वर्षे वा अधिक तग धरणारे लाकूड पहिल्या वर्गात गणले जाते, आणि सागाचा गाभा त्या वर्गातला. गाभा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण सालीलगतचा फिकट भाग, मग तो सागाचा का असेना, वाळवी आणि बुरशी यांच्यापुढे आंब्याच्या फळीइतकाच दुबळा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातले बल्लारशा सागवान, ज्याच्या लाकडाची दारे अयोध्येच्या मंदिरास गेली, ते उत्तम खरेच. परंतु सगळा मंच त्याचा करणे फार थोड्यांना परवडेल. माझ्या मते खांब, तुळया आणि कड्या सागाच्या गाभ्याच्या घ्याव्यात, आणि काटकसर करावयाची ती वरच्या फळ्यांत करावी, कारण फळी बदलता येते, तुळई बदलता येत नाही. लोक नेमके याच्या उलट करतात. ऐन आणि किंजळ ही सह्याद्रीतली लाकडे जड, भक्कम आणि तुलनेने स्वस्त आहेत. मात्र ती नीट मुरवून घेतली नाहीत तर फाटतात, आणि त्यांच्यात टॅनिन विपुल असल्यामुळे साधा लोखंडी खिळा ठोकला की पहिल्याच पावसात त्याभोवती काळी शाई पसरते. रासायनिक प्रक्रिया केलेले पाईनही बाजारात मिळते. त्यातले तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण वापरलेले लाकूड अमेरिकेत घरगुती वापरासाठी २००३ च्या अखेरीस बंद झाले. ते कोठे वापरलेच असेल तर त्याच्या ढलप्या नि तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या बंबात किंवा चुलीत कदापि घालू नयेत, कारण धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरते.

वखारीत जाणकार सुताराला सोबत न्यावे आणि तो काय करतो ते पाहत राहावे. तो फळीच्या दर्शनी अंगाकडे प्रथम पाहतच नाही. तिचे टोक उजेडाकडे धरून वर्तुळे कशी वळली आहेत, गाभा कोठे संपतो आणि फिकट पट्टा कोठे सुरू होतो, मध्ये बारीक चीर आहे का, हे निरखतो. मग एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून नजर टाकतो, म्हणजे पीळ असेल तर लगेच दिसतो. बोटाच्या पेराने ठोकतो. सुकलेले लाकूड खणखणीत बोलते, ओले बद्द आवाज देते. याखेरीज आता आर्द्रता मोजण्याचे लहान यंत्र सहज मिळते, आणि बारा ते पंधरा टक्क्यांच्या वर आकडा गेला तर माल घेऊ नये. आपल्या रानातले झाड तोडून लाकूड काढण्याचा बेत असेल तर आधी वनखात्याचा परवाना घ्यावा लागतो. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या राज्याच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, आंबा, हिरडा यांची नावे आहेत, आणि झाड स्वतःच्या सातबाऱ्यावर आहे एवढ्याने भागत नाही.

फळ्या बसविताना ऋतूचे भान ठेवावे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चार इंची सागवानी फळी दीड-दोन मिलिमीटर सहज कमीजास्त होते. चैत्र-वैशाखात काम चालले असेल तर दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवावी, आणि श्रावणातल्या ओलसर हवेत फुगलेल्या फळ्या लावावयाच्या तर फट निम्मी ठेवावी, कारण पुढे ती आपोआप रुंदावते. ही फट पाण्याची वाट आहे. सौंदर्यासाठी ती बुजविणारा माणूस आपल्या हाताने मंच बुडवितो. फळ्या सहा इंचांहून रुंद घेऊ नयेत. खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत, आणि प्रत्येक भोक आधी गिरमिटाने पाडून घ्यावे, म्हणजे टोक फाटत नाही. लाकूड पाणी पिते ते मुख्यत्वे कापलेल्या टोकातून, म्हणून करवत फिरताक्षणीच प्रत्येक टोकास बेलतेलाचे दोन-तीन हात द्यावेत. एकदा फळी बसली की ते टोक पुन्हा हाती लागत नाही. कडीच्या माथ्यावर, जेथे फळी टेकते तेथे, पाणी अडकून राहते. त्या पृष्ठावर डांबरी पट्टी चिकटविल्यास कडीचे आयुष्य स्पष्टपणे वाढते. सर्व मंचाला घरापासून दूर असा शंभर फुटांस एक फूट या प्रमाणात उतार द्यावा.

घराच्या भिंतीला मंच जखडून टाकण्याची चाल आहे, ती मला या मुलखापुरती गैर वाटते. एक तर भिंत आणि लाकूड यांच्या सांध्यात पाणी मुरते. दुसरे कारण अधिक गंभीर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात जो भूकंप झाला त्याची आठवण पाटण तालुक्यातल्या वृद्धांना आजही आहे, आणि त्या परिसराला तेव्हापासून लहानमोठे धक्के बसतच आहेत. धक्क्यात जड भिंत आपल्या गतीने हलते, हलकी लाकडी चौकट आपल्या गतीने. दोघांना एकत्र बांधले तर जोडावर सारा ताण येतो. मंच आपल्या खांबांवर स्वतंत्र उभा असावा आणि भिंतीपासून इंच-दीड इंच सुटा असावा. मात्र वाड्यातल्या चौकटीला भिंतींचा जो आडवा आधार मिळे तो उघड्या मंचाला मिळत नाही, म्हणून खांब आणि तुळई यांच्यामध्ये दोन्ही दिशांनी तिरके टेकू बोल्टने आवळलेच पाहिजेत. या टेकूंवाचून उभा राहिलेला मंच माणूस चालताच हलतो, आणि ते हलणे वर्षानुवर्षे वाढत जाते.

कृष्णाकाठच्या रहिवाशांनी याहून एक गोष्ट अधिक ध्यानात घ्यावयाची आहे. सांगलीत १९२९ पासून उभ्या असलेल्या आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीस फुटांवर धोका समजला जातो; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते, आणि २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरले. अशा वेळी मंच खाली खचेल याची भीती नसते. तो वर उचलला जाण्याची भीती असते. घनफूटभर पाण्याचे वजन अठ्ठावीस किलो, घनफूटभर सुक्या सागाचे अठरा-एकोणीस. म्हणजे बुडालेले प्रत्येक घनफूट लाकूड नऊ-दहा किलो बळाने वर येऊ पाहते. वर हिशेब केलेल्या मंचात पंचवीस-तीस घनफूट लाकूड असते, तेव्हा अडीचशे किलोंची उचल झाली, आणि प्रवाहाचा रेटा तो निराळाच. केवळ वजनाने तळखड्यावर टेकलेला खांब येथे पुरत नाही. वाड्याच्या खांबावर मजल्यांचा आणि छपराचा भार असे. मंचाच्या खांबावर तसा नाही. म्हणून काँक्रीटमध्ये रुतविलेल्या लोखंडी पावलीत खांब आरपार बोल्टने बांधावा, असे मी या भागात आग्रहाने सांगेन. पूर ओसरल्यावर गाळ सुकण्यापूर्वीच पाण्याने धुवावा, फळ्यांच्या फटी मोकळ्या कराव्यात, आणि लाकूड महिना-दीड महिना सुकल्याखेरीज त्याला तेल किंवा रंग लावू नये. ओले लाकूड वरून बंद केले तर आतून कुजते.

परवानगीचा मामला थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागास लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार घराभोवती मोकळी सोडावयाची जागा ठरलेली आहे, आणि कायमचा मंच त्या जागेत येत असेल तर नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या नगररचना विभागात नकाशा दाखवून विचारून घ्यावे. महाबळेश्वर-पाचगणीचा टापू जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. तेथे उताराला आणि झाडांना हात लावण्यापूर्वी चौकशी अपरिहार्य आहे. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा कोठून जाते हे पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पाहावे. कठडा एक मीटरहून कमी उंच नसावा, आणि दोन गजांमधील अंतर चार इंचांच्या आत असावे, कारण रांगत्या मुलाचे डोके तेवढ्यातून जात नाही.

दरवर्षी दिवाळीनंतर, पाऊस पुरता सरला म्हणजे, मंचाखाली वाकून जावे, साचलेला पालापाचोळा काढावा, टोचा घेऊन प्रत्येक खांबाचे बूड आणि प्रत्येक जोड टोचून पाहावा, मातीच्या नळ्या दिसल्यास मोडाव्यात, सैल बोल्ट आवळावेत आणि वर तेलाचा एक हात द्यावा. एका सकाळचे काम आहे.

शेवटी एक विनंती. या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव जुने वाडे उतरविले जात आहेत, आणि त्यांचे खांब, तुळया, कड्या वखारवाल्याला गठ्ठ्याने विकल्या जातात किंवा सरपण म्हणून फुटतात. पिढ्यान्‌पिढ्या सुकलेले असे सागवान आज पैसे टाकूनही नव्याने मिळणार नाही. आपल्या घराण्याचा वाडा उतरवावा लागलाच तर विक्रीपूर्वी एखाद्या जाणत्या सुताराला बोलावून प्रत्येक लाकडाची मोजदाद करावी, खिळे काढवावेत, किडलेली टोके कापवावीत, चांगले ते छपराखाली, जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवावे. आणि तळखडेही टाकून देऊ नयेत, ते नव्या मंचाखाली बसतील.